ट्वीटर गेला

शरद आगाशेच्या घरात रेकॉर्ड लागली की सुनेत्राला हटकून काम आठवायचं. सुई टेकायचा अवकाश, हिचे मटार सोलायचे राहिलेले असत, नाहीतर दोरीवरचे कपडे उलटायचे असत, नाहीतर शेजारच्या नलूला काहीतरी सांगायचं असे. मग ती उठून गॅलरीत जाई आणि जाताना मधलं दार लोटून घेई. दार लोटल्याचा आवाज शरदला बरोबर ऐकू येई.

पूर्वी असं नव्हतं. लग्नाआधी ही मुलगी फोर्टातल्या ऑफिसातून सुटून थेट ठाकूरद्वारला यायची, ती शरदला भेटायला की त्याच्या रेकॉर्ड प्लेअरला, हे त्याच्या आईला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सुनेत्रा गाणं शिकलेली होती. तिचा कान असा, की तबला किंचित उतरला तरी तिच्या कपाळावर आठी पडायची. शरद सेट लावायचा आणि गाण्याकडे नाही, त्या कपाळाकडे बघत बसायचा. आठी पडली नाही, तर आपला सेट पास. असा तीस-पस्तीस वर्षं त्याने संसार केला आणि तो सुखाचा झाला.

आता विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर हातात वेळच वेळ, टेबलावर सोल्डरिंग आयर्न चोवीस तास तयार, चोरबाजारातून हुडकून आणलेले जुने लाकडी स्पीकर, ग्रँट रोडच्या एका मोडीत निघालेल्या घरातून उचललेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, सगळं कसं जुळून आलेलं. आणि ऐकायला बायको नाही. समोरची वेताची खुर्ची रिकामी. शरदला दुसरं काही नको होतं. सुनेत्राने पूर्वीसारखं त्या खुर्चीत बसावं, डोळे मिटावेत आणि एक बाजू संपेपर्यंत उठू नये, एवढंच हवं होतं. एवढ्यासाठी माणूस किती तडफडू शकतो, ते त्याच्याकडे बघून कळलं असतं.

"बस की जरा," तो म्हणायचा.

"बसते हो, एवढं आटपू दे."

ते एवढं कधी आटपत नसे.

आता नवरा म्हणून एखाद्याने बायकोला सरळ विचारलं असतं, की बाई गं, तुझं बिनसलंय काय? पण शरद पडला हौशी कारागीर. या जातीचं एक आहे. घरात काहीही बिघडलं तरी यांना आधी स्क्रू-ड्रायव्हर आठवतो. सुनेत्रा उठून जाते, अर्थात सेटमध्ये खोट आहे, असा त्याने निकाल लावला. आणि खोट त्याला स्वतःलाही जाणवतच होती. वरच्या सुरांचं, ट्रेबलचं बटण त्याने केव्हाच पुरतं वाढवून ठेवलं होतं, तरी आवाज दबल्यासारखा येत होता. झांजेची कड जाणवत नव्हती, तंबोरा नुसता घोंघावत होता. म्हणजे बरोबर आहे, तो मनाशी म्हणाला, तिचा कान तिखट, तिला हे माझ्याआधी कळलं असणार.

मग सुरू झालं. आधी त्याने सुई बदलली. मग ॲम्प्लिफायरमधले जुने कंडेन्सर काढून नवे घातले. लॅमिंग्टन रोडच्या फेऱ्या एवढ्या वाढल्या की दुकानदार त्याला लांबून बघूनच मान हलवायचे. शेवटी त्याने स्पीकरची खोकी उघडली. आत वरच्या सुरांसाठी एक छोटा स्पीकर असतो, त्याला ट्वीटर म्हणतात. तो फार कर्कश वाजू नये म्हणून बनवणाऱ्याने त्याच्या वाटेत एक रेझिस्टन्स घातलेला असतो. शरदने तो काढून टाकला. कंडेन्सरही मोठा घातला. हे पाप आहे, हे त्याला ठाऊक होतं. मूळच्या खोक्याला हात लावायचा नाही, हे तोच इतरांना बजावत आला होता. पण लावून बघतो तर काय, थोडी का होईना झांज आली! तो लहान मुलासारखा हरखला. "सुनेत्रा, आता ऐक!" म्हणून त्याने हाक मारली.

सुनेत्रा आली. दारातच उभी राहून तिने दोन मिनिटं ऐकलं, आणि "दूध उतू जाईल हो" म्हणत गेली. त्या दिवशी तिने मधल्या दाराला कडी घातली.

तिथून शरदचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवताना उठून तो खोक्याच्या मागे हात घालायचा. पेपर अर्धा टाकून ट्रेबलचं बटण फिरवायचा, खुर्चीत येऊन बसायचा, पुन्हा उठायचा. कुठल्याही रेकॉर्डची एक बाजू त्याने स्वतःसुद्धा पुरी ऐकली नव्हती. सुनेत्रा "बसा ना स्वस्थ" म्हणाली की त्याला चीड यायची. जी बसत नाही तिने हे सांगावं!

त्याच्या जिवाला आधार एकच, रविवारची बैठक. तिघे मित्र होते. दादरचा चिंतामणी, घोडपदेवचा धनेश आणि हा. चोरबाजारात एकाच रेडिओवर एकाच वेळी हात टाकल्यामुळे धनेशशी झालेली ओळख, आणि त्या भांडणात मध्यस्थी केल्यामुळे चिंतामणीशी. पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचं, त्याने दुरुस्त केलेला सेट ऐकायचा. या बैठकीचा एक कडक रिवाज होता. ज्याच्या घरचा चहा प्यायचा, त्याच्या सेटला त्याच्या घरात नावं ठेवायची नाहीत. तिथे फक्त "वा" म्हणायचं. खरं काय ते दोन-चार दिवसांनी फोनवर. फोनवर मात्र भीडभाड नसायची. "तुझा बेस ढोल वाजवतोय," इथपासून "तो ॲम्प्लिफायर भंगारवाल्याला दे," इथपर्यंत सगळं चालायचं.

अलीकडे शरदच्या घरच्या बैठकीनंतर फोन येईनासे झाले होते. याचा अर्थ त्याने असा काढला, की आता नावं ठेवायला जागाच उरलेली नाही. माणसाला हवा तो अर्थ किती सहज सापडतो!

या खेपेची बैठक शरदच्या घरी होती. धनेश हल्लीच्या सवयीने दिवाण सोडून थेट दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. उकडतंय म्हणाला. चिंतामणी रेकॉर्ड चालू असताना दोनदा हात धुवायला गेला. दोघांनी "वा" म्हटलं. सुनेत्रा चहा देऊन गॅलरीत गेली होती. निघताना चिंतामणीने पिशवीतून एक रेकॉर्ड काढून टेबलावर ठेवली.

"टेस्ट रेकॉर्ड आहे. माझ्याकडे पडूनच होती."

"काय आहे हिच्यात?"

"एक माणूस कंपनांचा आकडा सांगतो आणि मग त्या उंचीचा सूर वाजतो. खालपासून वरपर्यंत. सेट कुठे कमी पडतो ते कळतं." त्याने चपला घालायला जरा जास्तच वेळ लावला. "सावकाश लाव. घाई नाही."

घाई नाही म्हटल्यावर शरदने ती दुसऱ्याच दिवशी दुपारी लावली. सुनेत्रा आतल्या खोलीत पडली होती. रेकॉर्डवरचा माणूस इंग्रजीत, खणखणीत आवाजात म्हणाला, एक हजार. मागून सूर आला, स्वच्छ. दोन हजार. आला. चार हजार. आला, पण बारीक. मग तो माणूस म्हणाला, आठ हजार.

काही नाही.

शरदने मान पुढे केली. दहा हजार, तो माणूस म्हणाला. शब्द अन् शब्द स्पष्ट. आणि पुढे काही नाही. सुई खाचेतून चाललेली दिसत होती, व्हॉल्व्ह लाल होते, आणि खोली चिडीचूप.

"गेला! ट्वीटर गेला!" शरद ओरडलाच. त्याला जवळजवळ आनंद झाला. एवढ्या महिन्यांची तगमग आणि चोर शेवटी इथे लपलेला. एक गेला की दोन्ही गेले? त्याने आवाज पुरा वाढवला आणि कान एका खोक्याला लावला, मग दुसऱ्याला. बारा हजार, तो माणूस आता गर्जून म्हणाला. पुन्हा सगळं शांत.

तेवढ्यात मधलं दार धाडकन उघडलं. सुनेत्रा दोन्ही हात कानांवर गच्च दाबून उभी होती. चेहरा वेडावाकडा झालेला.

"बंद करा! अहो, बंद करा ते!"

"काय बंद करू? काही वाजतच नाहीये. ट्वीटर गेलाय."

तिच्या मागून गॅलरीतून नलू आली. तिचीही बोटं कानांत. "भावोजी, कसली हो शिट्टी ही? माझं डोकं फुटेल आता!"

शरद एकदा दोघींकडे आणि एकदा रेकॉर्डकडे बघत राहिला. मग त्याने, इतकी वर्षं बिघाड शोधताना जे केलं तेच केलं. सुई उचलली. दोघींचे हात एकदम खाली आले. त्याने सुई पुन्हा टेकवली. दोघींचे हात एकदम वर गेले.

त्याने सुई उचलली आणि तशीच धरून ठेवली.

नलू काहीतरी पुटपुटत निघून गेली. सुनेत्रा तिथेच उभी होती. "अहो," ती म्हणाली. तिने आणखी काही म्हणायच्या आत शरदने पायात चपला सरकवल्या आणि तो जिना उतरला.

आता यातली गंमत अशी, की साठी उलटली की वरचे सूर आधी जातात, हे शरदला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतंच. शेजारच्या तात्यांना त्यानेच ते तासभर समजावलं होतं, कागदावर आलेख काढून. तात्यांचे जातील, चिंतामणीचे जातील, जगात सगळ्यांचे जातील. पण ज्याला लॅमिंग्टन रोडला लोक 'आगाशांचा कान' म्हणून ओळखतात, त्याचे कसे जातील? म्हणून तो वर्षभर सुई बदलत होता, कंडेन्सर बदलत होता, धडधाकट खोकी फोडत होता.

तो ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत गेला. तिथून परत फिरला. आपल्या वाडीच्या तोंडाशी येऊन पुन्हा नाक्यावर गेला. रस्त्यावरचा प्रत्येक आवाज तो आता तपासत होता. बसचा ब्रेक, तो आला. देवळातली घंटा आली, पण पूर्वी ती अशीच वाजायची का? सायकलवाल्याने घंटी वाजवलेली त्याला दिसली, ऐकू आली की नाही ते सांगता येईना. त्याने टॅक्सीला हात केला आणि घोडपदेवला चल म्हणाला.

धनेशने दार उघडलं तेव्हा तो बनियनवर होता आणि एका रेडिओचं पोट उघडून बसलेला होता. त्याचे आजोबा-वडील दोघंही गिरणीत, हा स्वतः जहाज कंपनीत हिशेबनीस. घरात बायकोशी अजून मालवणीत बोलायचा.

"अरे, शरद! असा अचानक? ये, बस. गो, च्याय ठेव."

"चहा नको. मी इथे तुझ्या घरात आहे, तू माझ्या घरात नाहीस. तेव्हा खरं सांग. माझा सेट कसा वाजतो?"

धनेशने हातातला चिमटा खाली ठेवला. "काय झालं?"

"सांग ना!"

"खरं सांगू? दाढेत कळ जाते बघ. गेले सात-आठ महिने. मी त्या स्टुलावर का बसतो? उकडत नाय काय मला, तिथे जरा कमी लागतं. चिंत्या तर हात धुवून धुवून दमला."

"आणि तुम्ही 'वा' म्हणता?"

"तुझ्या घरात दुसरं काय म्हणणार?"

"फोन होता ना! फोनवर का नाही बोललात? एवढा रिवाज कशासाठी ठेवलाय आपण?"

धनेशने चिमटा उचलला आणि परत ठेवला. आतून त्याची बायको डोकावली आणि परत गेली. मग तो म्हणाला, "वहिनींनी सांगितलं, नको म्हणून."

"सुनेत्राने?"

"माझ्याकडे फोन केलेला, चिंत्याकडे पण. म्हणाल्या, कळलं तर ते सगळं उचलून देऊन टाकतील, मग दिवसभर करतील काय? चालू दे त्यांचं. मी म्हटलं, वहिनी, तुमचं काय? तर म्हणाल्या, मी गॅलरीत जाते." धनेशने मान खाली घातली. "चिंत्याला रावलं नाय शेवटी. म्हणून ती रेकॉर्ड. बोलायचं नाय, असं वहिनींनी सांगितलेलं. रेकॉर्ड देऊ नको, असं कुठे सांगितलेलं?"

शरद उठला. त्याला धनेशचा राग आला, चिंतामणीचा आला, आणि सगळ्यात जास्त सुनेत्राचा. आपण खुळ्यासारखे नाचत होतो आणि हे तिघं आपल्याला सांभाळून घेत होते. घरातल्या वेड्याला सांभाळतात तसे. धनेश मागून "शरद, अरे थांब, मी येतो" म्हणत होता. तो थांबला नाही. टॅक्सी न करता भायखळ्यापर्यंत चालत सुटला, दमला, मग बस घेतली. बसमध्ये जागा असून बसला नाही.

घरी आला तेव्हा दिवे लागले होते. सुनेत्रा टेबलाशी बसली होती. समोर काही नव्हतं, मटारही नव्हते.

"सगळ्या जगाला माहीत होतं," शरद म्हणाला. "मला सोडून."

तिने शेजारची खुर्ची त्याच्यासाठी पुढे सरकवली.

"वर्षभर मी तुला हाका मारतोय. ये, बस, ऐक. आणि तू दूध उतू जातंय म्हणतेस! तोंडावर सांगता येत नव्हतं? अहो, तुम्ही बहिरे झालात, एवढंच म्हणायचं होतं."

"बहिरे नाही झालात."

"मग काय झालो?"

"ओरडू नका." ती म्हणाली. "मला आधीच कळलं होतं. मायक्रोवेव्ह वाजून वाजून थकायचा, तुम्ही शेजारी उभे असून हलायचा नाहीत. मी म्हटलं, आज सांगू, उद्या सांगू. तुम्ही तेव्हा खोकी उघडून बसला होतात. इतके खुशीत होतात! कोणत्या तोंडाने सांगू?"

"म्हणून पळून जायचं? बसली असतीस नुसती. दोन मिनिटं. माझ्यासाठी."

"बसले असते," ती म्हणाली. "कापूस घालून बसले असते. पण बसले असते तर तुम्ही विचारलं असतंत, कसं वाटतंय? नेहमी विचारता. आणि बाकी कशातही मी तुमच्याशी खोटं बोलले असेन, ऐकण्याच्या बाबतीत कधी बोलले नाही. ते मला जमलं नसतं. म्हणून जात होते."

शरद उभाच होता. आणखी बोलायला त्याच्याकडे खूप होतं, वाटेत सगळं जुळवून आणलेलं. त्यातलं एकही आता तोंडातून फुटेना. तिला आपला सेट नको झाला, आपण नको झालो, असं काय काय त्याने गेल्या वर्षभरात मनात घोळवलं होतं. त्याला एकदम रडू आलं. ते लपवायला त्याने दुसरीकडे तोंड फिरवलं आणि, अर्थातच, स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागला.

त्याने दोन्ही खोकी उघडली. काढलेले सुटे भाग त्याने एका डबीत जपून ठेवले होते, या लोकांकडून काही फेकवत नाही. मूळचा कंडेन्सर, मूळचा रेझिस्टन्स. जोड पक्के बसले. सुनेत्राने न सांगता टेबललँप उचलून जवळ धरला.

मग त्याने एका जुन्या गवईबाईंची भूप रागाची रेकॉर्ड लावली. ॲम्प्लिफायरपाशी स्टूल ओढून बसला आणि हात ट्रेबलच्या बटणावर ठेवला.

"तू बस. आणि सांग."

सुनेत्रा वेताच्या खुर्चीत बसली. "कमी करा."

त्याने केलं.

"अजून."

त्याने बटण आणखी फिरवलं. त्याच्यापुरतं गाणं आता दुसऱ्या खोलीत जाऊन बसलं होतं. बाईंचा आवाज होता, पण त्याची धार कुठेच नव्हती.

"अजून थोडं. हां. आता राहू द्या." तिने डोळे मिटले. जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तंबोऱ्याच्या चारी तारा सुट्या सुट्या येतायत. दम घेतलेलासुद्धा कळतोय त्यांचा. किती दिवसांनी!"

शरदने कानात प्राण आणून ऐकलं. चार तारा नव्हत्या. एक घोंघावणारा पट्टा होता. दम तर नव्हताच. त्याची बोटं आपोआप पुन्हा बटणाकडे निघाली. एवढंसं फिरवलं तर काय होईल, असं एकदा, दोनदा त्याच्या मनात आलं. त्याने हात मांडीखाली दाबून ठेवला. गुडघा हलत होता, तो मात्र थांबेना.

बाजू अर्ध्यावर आली होती. सुनेत्राच्या कपाळावर एकही आठी नव्हती. मिटल्या डोळ्यांनीच तिने विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

"सुरेख," शरद म्हणाला. "एकूण एक तार येतेय."